तीन वर्षं आणि अक्षय काळ

आजचं वाचन गीता १०.३३. अक्षय काळ मीच, असं भगवंत इथे सांगतात.

काल सीताबर्डीला टेकडी गणपतीचं दर्शन झाल्यावर पायऱ्यांवर एक मैत्रीण बोलली. वय ३१. लहानपणी घरातल्याच माणसाने अत्याचार केला होता. त्याची नुकसानभरपाई आता मागता येईल का?

रात्री वाचत बसलो. १९६३ चा मुदत कायदा अल्पवयीनाला सवलत देतो, पण सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त ३ वर्षं. एकविसावं संपलं की दिवाणी दाव्याचं दार बंद. बलात्काराच्या फौजदारी तक्रारीला मुदत नाही. पॉक्सोबद्दल २०१८ मध्ये कायदा मंत्रालयानेही तेच स्पष्ट केलं, पण तो कायदा २०१२ चा, तिचं बालपण त्याआधीचं.

मुदत का असते तेही पटतं. साक्षीदार जातात, आठवणी पुसट होतात, निर्दोष माणसाने बचाव कसा करायचा? पण विसाव्या वर्षी ती त्याच घरात जेवत होती, कॉलेजची फी तोच भरत होता. दावा लावायला जाणार कशी?

आणि वेळेत विचारून तरी काय? द्रौपदीने भर सभेत, त्याच क्षणी विचारलं होतं. धर्म सूक्ष्म आहे म्हणत भीष्मांनी हात वर केले.

न्यायाधीशाला तारीख बघावीच लागते. मला कुठे बघायची होती? तरी माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, "इतके दिवस का नाही बोललीस?" ती गप्प झाली.

आज संध्याकाळी तिला फोन करणार आहे. वकिलाचा नंबर नंतर, आधी त्या प्रश्नाची माफी.