ओतणे आणि सांडणे

शास्त्रभाग : योहान ६:१-१३, योहान १२:१-८, २ शमुवेल २३:१३-१७



योहानकृत शुभवर्तमानात पैशाचे दोन हिशेब आढळतात. पहिला हिशेब फिलिप्पाचा. डोंगरावर हजारो माणसे जमली होती आणि एवढ्यांना भाकरी कोठून विकत आणाव्या, असे प्रभूने त्याला विचारले. फिलिप्पाने लागलीच आकडा सांगितला : दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला तुकडासुद्धा धड येणार नाही. दुसरा हिशेब यहूदा इस्कर्योताचा. बेथानीत मरीयेने प्रभूच्या चरणांना मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा हे तेल तीनशे दिनारांना विकून ते पैसे गोरगरिबांना का दिले नाहीत, असे त्याने विचारले.

दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा हे आकडे लहान नव्हते आणि बेरजेच्या दृष्टीने दोघांचेही चुकले नव्हते. परंतु फिलिप्पाने हिशेब करताना समोर उभ्या असलेल्या प्रभूला धरले नाही आणि यहूदाने गरिबांचे नाव घेतले तरी त्याच्या मनात गरीब नव्हते; त्याचे लक्ष थैलीकडे होते, असे योहान स्पष्ट सांगतो.

या दोन हिशेबांच्या मध्ये प्रभूची एक साधी आज्ञा आहे. सर्व लोक जेवून तृप्त झाले, तेव्हा उरलेले तुकडे वेचून घेण्यास त्याने शिष्यांना सांगितले. आपण या वचनावरून भरभर पुढे जातो. पण थोडे थांबून विचार करा. ज्याने पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातले, त्याला उष्ट्या-उरल्या तुकड्यांची काय गरज होती? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच करू शकला असता. आणि त्या भाकरी तरी कसल्या? जवाच्या, म्हणजे गरिबाच्या घरच्या. तरीही त्या गोळा करून बारा टोपल्या भरल्या. विपुलता देणारा प्रभू नासाडी खपवून घेत नाही, हे यावरून आपण शिकतो.

आज महिनाअखेरीला आपल्या घरोघरी हाच विषय असतो. विजेचे बिल, गॅसची टाकी, पाण्याचा टँकर, भाजीचे भाव. दुसरीकडे सृष्टीचे रक्षण, पर्यावरण, हे शब्द कानावर पडले की ते सरकारचे किंवा शाळेतल्या निबंधाचे काम आहे असे आपल्याला वाटते. वास्तविक या दोन गोष्टी एकाच नळातून गळत आहेत. घरात जे वाया जाते, तेच सृष्टीतून उगाच काढून घेतलेले असते आणि त्याचेच पैसे आपण भरत असतो.

पाणी

आम्ही उज्जैनची माणसे माळव्यात राहतो. पावलोपावली भाकर आणि पाणी मिळणारा प्रदेश अशी माळव्याची जुनी ख्याती. पण आमच्या शेजारच्या देवास शहरात काय घडले ते पाहा. तीसेक वर्षांत तिथले तळे-तलाव बुजवून त्यांवर घरे व कारखाने उभे राहिले. मग पाणी कोठून आणावे असा प्रश्न पडला. शेवटी २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून पन्नास टँकर पाणी घेऊन आगगाडी देवासच्या स्थानकात आली आणि तिचे वाजतगाजत स्वागत झाले. गाडीने पाणी येणे हा उत्सव झाला. तळी बुजली त्याचे दुःख कोणी केले नव्हते.

उज्जैनचीही कथा फार वेगळी नाही. क्षिप्रा नदी उन्हाळ्यात आटू लागली, म्हणून २०१४ साली नर्मदेचे पाणी पंपांनी सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले. एक हजार लिटर पाणी एवढे उंच चढवायला, यंत्रांतील घट न धरताही, जवळजवळ एक युनिट वीज लागते. म्हणजे पाणी सांडले की वीजही सांडते. शहराला पाणी पुरवणारे गंभीर धरण खाली गेले की उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येते आणि मग आपल्याला घागरीची किंमत कळते.

दावीद राजाला ही किंमत ठाऊक होती. बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावे असे त्याच्या मनात आले, तेव्हा त्याचे तीन वीर पलिष्ट्यांच्या छावणीतून वाट काढून ते पाणी घेऊन आले. दावीद ते प्यायला नाही. ज्यासाठी माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, ते त्याने परमेश्वरापुढे ओतले.

येथे कोणी विचारील, मग तेही पाणी वायाच गेले ना? नाही. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, ओतणे आणि सांडणे. दाविदाने पाणी ओतले. मरीयेने तेल ओतले. दोघांनीही मोल जाणून, मनापासून, देवाला दिले. पण रात्रभर ठिबकणारा नळ कोणालाच काही देत नाही. ते पाणी देवाला मिळत नाही आणि शेजाऱ्यालाही मिळत नाही. ते नुसते सांडते. काटकसरीचा सारा अर्थ या फरकात आहे. सांडणे थांबवावे, ते ओतण्यासाठी हाती काही राहावे म्हणून.

आता घरचा हिशेब करू. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब टाकतो. चार हजार थेंबांचा एक लिटर धरला तर दिवसाला एकवीस-बावीस लिटर आणि महिन्याला सुमारे साडेसहाशे लिटर पाणी गेले. काही रुपयांचा वायसर हे थांबवतो. ज्यांच्या घरी आर.ओ.चे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे, त्यांच्याकडे प्यायच्या एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी नळीतून मोरीत जाते. त्या नळीखाली बादली ठेवा. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालते. क्षार अधिक असल्यामुळे कुंड्यांना मात्र रोज घालू नये.

छपराचे पाहा. उज्जैनला वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एवढ्या पावसाचे ८० हजारांहून अधिक लिटर पाणी पडते. काही उडून, काही वाहून गेले तरी साठएक हजार लिटर हाती लागण्यासारखे असते. ज्या देवासला गाडीने पाणी आणावे लागले, त्याच देवासमध्ये पुढे जिल्हा प्रशासनाने एक स्वस्त गाळणी तयार केली. तिला ‘देवास फिल्टर’ म्हणतात. साडेपाच इंच व्यासाचा, सुमारे सव्वा मीटर लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप, त्यात बारीक, मध्यम व जाड अशा गोट्यांचे तीन कप्पे आणि शेवटी जाळी. गच्चीचे पाणी यातून गाळून घरच्या कूपनलिकेत सोडायचे. पहिल्या एक-दोन पावसांचे धुळीचे पाणी तेवढे बाहेर जाऊ द्यावे. आपल्या मंदिराच्या छपरावर पडणारे पाणी कोठे जाते, हा प्रश्न पंच मंडळींनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा विचारावा.

त्याच जिल्ह्यात २००६ पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्यासाठी सोडला. त्यांनी अशी हजारो तळी खणली. दहावा भाग सोडला आणि उरलेले नऊ भाग भिजू लागले. दशांश देणाऱ्या मंडळीला याहून वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको.

वीज आणि चूल

जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बी.एल.डी.सी. नावाने मिळणारा नवा पंखा तीसेक वॅटवर तेवढाच वारा देतो. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटे वाचतात. युनिटला सात रुपये धरले तर एका पंख्यामागे शंभराहून अधिक रुपये. परंतु जुना पंखा नीट चालत असेल तर केवळ नव्याच्या मोहाने तो भंगारात टाकू नका. तो बिघडेल तेव्हा बदला. चालती वस्तू टाकून बचतीची वस्तू घेणे हीसुद्धा एक उधळपट्टीच आहे. उन्हाळ्यापूर्वी गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात फिरवला तर खालच्या खोलीचा ताप दोन-चार अंशांनी उतरतो आणि त्याला फार खर्च येत नाही.

गॅसचे नियम आपल्या आयाबहिणींना ठाऊकच आहेत. डाळ आधी भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी आली की आच मंद करावी. आपल्या देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून जहाजाने येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे झाकण ठेवणे ही क्षुल्लक गोष्ट वाटत नाही.

परंतु येथे पुरुषवर्गाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत काटकसरीचा उपदेश फक्त स्वयंपाकघराला केला जातो. टाकी लवकर संपली म्हणून सुनेला बोल लागतो आणि बाहेरच्या खोलीत कोणी नसताना पंखा व टीव्ही चालू असतात. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला मोटारसायकल निघते. असे घर काटकसरी नाही. तिथे एकाने वाचवायचे आणि दुसऱ्याने सांडायचे, एवढेच चालते. ज्याच्या हातात पैसा आहे, त्याने आधी आपले सांडणे पाहावे.

अन्न

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील साठ टक्के आपल्यासारख्यांच्या घरांतून गेले. त्याच जगात ७८ कोटींहून अधिक माणसे उपाशी होती. हॉटेले आणि लग्नाचे मांडव यांना दोष देणे सोपे आहे. पण मोठा वाटा घरच्या ताटातला आहे. रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा, उरल्या भाताचा फोडणीचा भात, भाजीच्या देठांची चटणी, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नाही. तिने योहानाचा सहावा अध्याय स्वयंपाकघरात जगून दाखवला.

जे खाण्याजोगे राहत नाही त्याचाही उपयोग आहे. इंदूर शहरात घरोघरी ओला कचरा वेगळा ठेवला जातो आणि २०२२ साली सुरू झालेल्या तिथल्या प्रकल्पात त्यापासून गॅस तयार करून शहरातील बसगाड्या चालवल्या जातात. भाजीच्या सालींवर बस धावते ती घरातल्या बाईने दोन डबे वेगळे ठेवले म्हणून. आपल्या अंगणात एका जुन्या कुंडीत सालींचे खत करणे याहूनही सोपे आहे.

वाचले ते कोणाचे?

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. नळ दुरुस्त झाला, पंखा बदलला, पोळी वाया गेली नाही. महिन्याला समजा तीनशे-चारशे रुपये वाचले. ते कोणाचे?

येथेच यहूदा आपल्या वाटेत उभा राहतो. त्यालाही वाया जाण्याचे वाईट वाटले होते, पण त्याची बचत त्याच्या थैलीत संपत होती. लूक १२ मधल्या श्रीमंताने तर धान्याचा एक दाणाही नासू दिला नसता. तो मोठी कोठारे बांधणार होता. तरीही देवाने त्याला मूर्ख म्हटले. तेव्हा बंधूंनो, न सांडणे म्हणजे पुण्य नव्हे. न सांडणारा माणूस कृपणही असू शकतो. आपण ख्रिस्ती काटकसरी आहोत की कृपण, हे बिलावरून कळत नाही. वाचलेला पैसा कोणत्या दारी गेला, त्यावरून कळते.

मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळीतील स्त्रियांनी १९१० साली एक रीत सुरू केली. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मापलेल्या तांदळातून एक मूठ देवासाठी बाजूला काढायची. ती रीत आजही चालू आहे आणि त्या मुठींतून सुवार्तिकांचे पोषण झाले आहे. त्या भगिनी श्रीमंत नव्हत्या. त्यांनी अधिक कमावले नाही; होते त्यातूनच मूठ काढली.

ज्यांच्या घरी मुळातच काही उरत नाही, त्यांना हा उपदेश नाही. एका खोलीत एक पंखा आणि एक दिवा असलेल्या कुटुंबाला काटकसर शिकवणे म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ चोळणे होय. या बाबतीत तीच माणसे आपले शिक्षक आहेत. आपल्याकडचे वाचलेले त्यांच्या दारी पोहोचले, तर आपल्या बारा टोपल्या भरल्या असे समजावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सूचना. योहान ६ चा धडा घ्याल तेव्हा मुलांना आपल्या घरच्या विजेच्या मीटरचा आकडा वहीत लिहून आणायला सांगा. एका आठवड्याने पुन्हा लिहायला सांगा. त्या आठवड्यात मुलांनी रिकाम्या खोलीतले दिवे बंद करावे, गळणारे नळ शोधून वडिलांना दाखवावे. दोन आकड्यांतला फरक त्यांनी स्वतः काढावा. मग त्या रकमेचे काय करायचे ते मुलांनाच ठरवू द्या. आपण ठरवून देऊ नका. ज्या मुलाजवळ पाच भाकरी होत्या, त्याचे नावही शास्त्रात नाही. पण देण्याला आरंभ त्याच्या शिदोरीतून झाला.

प्रार्थना : हे कृपाळू पित्या, तू आम्हांला पाणी, अन्न आणि प्रकाश भरपूर दिलास. आमच्या हातून जे नकळत सांडते, ते आम्हांला पाहू दे. जे वाचेल ते आमच्या थैलीत अडकू देऊ नको. तुझ्यासाठी आणि आमच्या गरजवंत शेजाऱ्यासाठी ते आनंदाने ओतण्यास आम्हांला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.