दान, अफू आणि आमचे ऋण

अंधेरी-बोरिवलीकडून सडकेने मुंबईत शिरणारा मनुष्य वांद्रे मागे टाकतो आणि माहीमच्या बांधावरून पुढे जातो. १८४५ पूर्वी ही खाडी नावेने ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात नावा उलटून माणसे बुडत. सरकारने हात आखडता घेतला तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये देऊन बांध पुरा करविला, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून जकात घेऊ नये अशी अट घातली. साष्टीतील खेड्यांची आज उपनगरे झाली, त्याचे काही श्रेय या दानास आहे. परंतु हा पैसा आला कोठून, हे आम्ही सहसा विचारीत नाही.

तो बव्हंशी चीनमधून आला. जमशेटजींनी तरुणपणी चीनच्या सफरी केल्या. पुढे जार्डिन मॅथेसन या पेढीशी त्यांचा कापसाचा व अफूचा मोठा व्यवहार चाले. ओढण्याच्या अफूच्या विक्रीस चिनी बादशहाने १७२९ सालीच मनाई केली होती. माल चोरट्या वाटेने जाई. १८३९ साली लिन त्सेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट करविल्या, आणि इंग्रजांनी युद्ध पुकारले. १८४२ साली नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला, ते मुंबईच्याच गोदीत वाडिया घराण्याने बांधले होते. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला.

जरथुश्त्री धर्माचा चीनशी संबंध मात्र याहून फार जुना आहे. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर शेवटचा सासानी बादशहा यज्दगर्द याचा पुत्र पीरूझ थांग सम्राटाच्या आश्रयास गेला. ८४५ साली परधर्मांवर गदा येईपर्यंत चांगआन या राजधानीत अग्निपूजकांची मंदिरे नांदत होती. ज्या देशाने एकेकाळी या धर्मास आसरा दिला, त्याच देशात हजार वर्षांनी त्याच धर्माचे व्यापारी अफूच्या पेट्या उतरवू लागले!

येथे दोष एकाच समाजाच्या माथी मारणे हा अन्याय होईल. अफू पिके ती शिंदे-होळकरांच्या माळव्यात. तिचे सावकार व दलाल गुजराती व मारवाडीही होते. आणि कंपनी सरकार तिच्यावर कर घेई. आम्हां मराठी वाचकांसही हात झटकता येणार नाहीत.

‘त्या काळी तसेच चालत असे’ असे कोणी म्हणेल. परंतु बंदी घालणारा बादशहाही त्या काळापूर्वीचाच होता. पुढच्याच पिढीत, ज्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे अंधेरीजवळ वेसाव्यास घालविली, त्या दादाभाई नौरोजींनी या व्यापारास उघडपणे पाप म्हटले, आणि हिंदुस्थान त्याचे साधन झाल्याचा विषाद व्यक्त केला. म्हणजे विवेक त्याच समाजात जागा होता.

मग दानाने पाप धुतले जाते काय? आमच्या मते, नाही. आणि कारण साधे आहे. ज्याचे ऋण काढले त्यालाच ते फेडावयाचे असते. अपाय झाला कँटनमधील व्यसनी माणसास व त्याच्या मुलाबाळांस. उपकार झाला साष्टीच्या वाटसरूवर. वाटसरूने मनापासून धन्यवाद द्यावेत, पण चिनी माणसाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्याला नाही. उलट, पाप धुतले गेले नाही म्हणून दान खोटे ठरत नाही. जो बुडता वाचला तो खरोखरच वाचला. सद्विचार, सदुक्ती व सत्कृती ही त्रयी जरथुश्त्री धर्माचे सार होय. ती एकाच माणसाच्या आयुष्यास लावली तर खाडीवरचा बांध आणि गलबतातील पेट्या या दोहोंचाही जमाखर्च मांडावा लागतो, आणि एका बाजूची बेरीज दुसऱ्या बाजूतून वजा करता येत नाही.

आम्ही लाभार्थी आहोत. रुग्णालय, कलाशाळा, बांध ही सर्व त्या घराण्याची देणगी आम्ही वापरतो, आणि ती नाकारणे म्हणजे निव्वळ दंभ होईल. आमच्याकडे एवढेच उरते की, मुलांस दात्याचे नाव सांगताना द्रव्याचा उगमही सांगावा. आणि आजच्या संस्थांच्या चालकांनी नव्या देणगीदाराचे नाव शिळेवर कोरण्यापूर्वी, या पैशाची किंमत दूर कोठे कोणी मोजली आहे, हे विचारावे. चिनी माणसाचे ऋण त्याने फिटणार नाही. परंतु तसलेच नवे ऋण नकळत अंगावर घेणे तरी टळेल.