गेलेले आटे

आटे गेलेला बोल्ट हाताला लगेच कळत नाही. तो नीट फिरतो, टेकतो, थोडा आवळतोही. शेवटच्या पाव फेऱ्यात, जिथे त्याने धरायला हवं, तिथेच पाना एकदम हलका होतो. मिस्त्री थांबतात. बोल्ट बाहेर काढून उजेडात धरतात. त्याच्या आट्यांत एक बारीक चकाकती तार गुंडाळून आलेली असते. ती तार म्हणजे इंजिनाच्या केसचे आटे. बोल्ट शाबूत आहे, जागा गेली आहे.

गाडी येझदी रोडकिंग. ती बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे हिची नवी केस दुकानात मागून मिळत नाही. जुन्या बाजारात मिळाली तरी तिच्यावर दुसऱ्याच गाडीचा इंजिन नंबर ठोकलेला असतो. केस बदलली की आरसी बुकातली गाडी एक आणि दारातली दुसरी. म्हणून हे छिद्रच दुरुस्त करायचं. मला यात काही कमी वाटत नाही. बदलायची सोय नसली की माणूस वस्तूकडे नीट बघतो.

आणि एवढ्याशा छिद्रावर बरंच अवलंबून असतं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी केसमध्येच दाबलं जातं. केसचे दोन अर्धे कुठे जरा विलग झाले, की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. दौलताबादहून खुलताबादकडे जाणाऱ्या घाटात, भर चढावर, पिस्टन जाम होतो तो कधीकधी अशाच एका न धरणाऱ्या बोल्टापायी.

आटे जातात कसे? बोल्ट पोलादाचा, केस अॅल्युमिनियमची. ६ मिलिमीटरच्या बोल्टाला अॅल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटर जोर पुरे होतो, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पाच किलोचं वजन टांगावं इतका. पण केसवर ऑइल पाझरताना दिसतं आणि कुणीतरी पाव फेरा जास्त आवळतं. पुढच्या वेळी आणखी पाव. कधी पान्याला पाइप लावून. गळतीचं कारण जुनं पॅकिंग असतं, शिक्षा बोल्टाला होते. निष्काळजीपणाने बोल्ट सैल होतो. आटे मात्र पुष्कळदा काळजीनेच जातात.

मग तात्पुरते उपाय सुरू होतात. छिद्रात तांब्याच्या तारेचा तुकडा टाकायचा. लांबी भरायची. थोडा जाड बोल्ट जोराने घुसवायचा. या केसमध्ये असा एक उपाय आधी होऊन गेलेला दिसतो. तांब्याचा तुकडा निघाला. त्यावर गाडी काही वर्षं चाललीही असेल. अर्धवट धरणाऱ्या आट्यांचं हेच अवघड आहे. पूर्ण गेलेले असते तर निर्णय सोपा होता. थोडं धरतात, म्हणून ‘चालतंय की’ म्हणत दिवस निघतात.

खरी दुरुस्ती सुरू होते ती छिद्र मोठं करून. ६.३ मिलिमीटरचं ड्रिल अगदी उभं धरून आत न्यायचं. तिरकं गेलं तर पुढे सगळंच तिरकं. उरलेसुरले आटे, अजून थोडे धरणारे, तेही काढून टाकायचे. बघणाऱ्याचा जीव इथे खालीवर होतो. आधीच दुखावलेल्या जागेला आणखी कोरायचं कसं? या गॅरेजच्या दारातून देवगिरी किल्ल्याचा डोंगर दिसतो. त्याच्या खालच्या अंगाचा खडक तासून सुमारे ५० मीटर उंचीचा सरळ कडा केलेला आहे आणि कड्याच्या पायथ्याशी खडकातच खंदक खोदला आहे. गडावर तटबंदी आहे, बुरूज आहेत, तोफा आहेत. तरी वर चढू पाहणाऱ्याला अडवतो तो न राहिलेला दगड. कोरण्याने जागा नेहमी दुबळीच होते असं नाही, एवढं या गावात राहणाऱ्याला तरी पटायला हरकत नाही.

मग नवे आटे पाडायचा खास टॅप, छिद्रात पुढे बसवायच्या कॉइलच्या मापाचा. बाटलीत जपून ठेवलेल्या रॉकेलचे थेंब. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे येताना चुरा तुटतो, टॅप अडकत नाही. दुरुस्तीसाठी केस उघडलेली असल्याने सगळा चुरा हवेने उडवून टाकता येतो. आता कॉइल. स्टेनलेस स्टीलची तार, तिचा छेद शंकरपाळ्यासारखा. बाहेरची धार अॅल्युमिनियमच्या नव्या आट्यांत बसते, आतली धार बोल्टाला आटे देते. मोकळी असताना ती छिद्रापेक्षा जाड असते. हत्याराने पीळ देत आत न्यायची; आत गेली की आपणहून फुलून धरते. गोंद लागत नाही. तोंडापासून पाव-अर्धा फेरा खाली थांबवायची आणि बुडाशी असलेला आडवा दांडा पंचने तोडून चिमट्याने काढून घ्यायचा. तो आत राहिला तर केलेलं सगळं वाया.

अशा छिद्राला दुरुस्त केलेलं म्हणून कमी लेखायचं कारण नाही. मऊ अॅल्युमिनियमऐवजी आता पोलादाला पोलाद धरतं आणि भार आधीपेक्षा रुंद जागेवर पसरतो. विमानांत तर अॅल्युमिनियमच्या कोऱ्या भागांनाही पहिल्यापासून अशा कॉइल बसवतात.

हाताखालचा मुलगा हे सगळं बघत होता. त्याने उत्साहाने विचारलं, “उस्ताद, मग सगळ्याच छिद्रांत बसवून टाकू का?”

“जे धरतंय त्याला ड्रिल कशाला लावतो? आधी बघ तर.”

तो एकेका छिद्रात नवा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून पाहू लागला. बरीच चांगली निघाली. दोन संशयाची होती. त्यांच्याभोवती खडूने गोल करून त्याने केस पुन्हा मिस्त्रींपुढे सरकवली.