माझं दुसरं मत

मला दोन मतं आहेत.

दचकू नका. बोगस मतदानाची कबुली द्यायला मी हा लेख लिहायला बसलेलो नाही. माझी दोन्ही मतं सरकारमान्य आहेत. पहिलं मत अठरा वर्षं पूर्ण केल्याबद्दल मिळालं. त्यात माझं कर्तृत्व एवढंच, की तोवर मी जिवंत राहिलो. दुसरं मात्र कमावलेलं आहे. राज्यघटनेच्या १७१व्या कलमात विधान परिषदेच्या एक-बारांश जागा पदवीधरांनी निवडून द्यायच्या अशी सोय आहे. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत अशा ७ जागा, आणि त्यांतली एक आमच्या अमरावती विभागाची. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ मिळून एक मतदारसंघ. पदवी घेऊन तीन वर्षं झाली, की अर्ज भरायचा, पदवीची साक्षांकित प्रत जोडायची. झालात तुम्ही डबल मतदार. माझी पदवी बी.कॉम.ची आहे. कितव्या प्रयत्नाची, ते अर्जात विचारत नाहीत. भली माणसं!

घरात मी या दुसऱ्या मताचा पुष्कळ उपयोग केला. आमची ही अकोल्याची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं आणि तिसरं वर्ष राहून गेलं ते गेलंच. त्यामुळे कूलर कुठल्या खिडकीला लावायचा इथपासून मुलानं कुठल्या शाखेला जायचं इथपर्यंत, वाद हातघाईवर आला की माझं ठरलेलं वाक्य असे, "हे पाहा, सरकारदरबारी माझी दोन मतं आहेत. तुझं एक."

"हो ना," ती म्हणे, "अन् दोन्ही मतं मिळून सिलिंडरचा नंबर कधी लावला ते आठवत नाही."

आता माझ्या नोकरीविषयी. मी बँकेत काउंटरवर बसतो. काउंटर ही जागा माणसाला वाईट सवय लावते. काचेपलीकडचा माणूस आपल्याला त्याच्या स्लिपएवढाच दिसतो. स्लिप नीट भरली असेल तर माणूस शहाणा, खाडाखोड असेल तर अर्धवट, आणि सहीच्या जागी अंगठा असेल तर विचारूच नका. असाच एक सोमवारचा दिवस होता. दुपारपर्यंत पन्नासेक अंगठे झाल्यावर मी चहाच्या टपरीवर सिद्धान्त मांडला, की ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्याचं मत आणि माझं मत सारखं मोजणं हा शुद्ध अन्याय आहे. डॉक्टर निवडताना आपण पेशंटांचं मतदान घेतो का? मग देश काय कमी नाजूक आहे?

टपरीवर राज्यशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते. आमचे पेन्शनर खातेदार. ते म्हणाले, "डॉक्टरचा मुद्दा प्लेटोचा. त्यानं जहाज आणि कप्तान घेतला होता, एवढाच फरक. आणि शिकलेल्याला जादा मतं, हा मुद्दा मिलचा."

माझे विचार जगातल्या इतक्या थोर माणसांनी आधीच चोरलेले असतील याची मला कल्पना नव्हती. मी प्राध्यापकांकडून मिलचं पुस्तक मागून आणलं.

आणि काय सांगू, जॉन स्टुअर्ट मिल चक्क कारकून निघाला! वयाच्या सतराव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत चिकटला आणि १८२३ ते १८५८ अशी ३५ वर्षं तिथंच त्यानं नोकरी केली. नोकरी सांभाळून जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिले. आमच्या शाखेत नोकरी सांभाळून फार तर एलआयसीच्या पॉलिसी विकल्या जातात.

हा कारकून १८६१ साली लिहितो, की मत सगळ्यांना असावं, बायकांनासुद्धा; पण सगळ्यांचं सारखं नसावं. मजुरापेक्षा मुकादमाचं वजन जास्त, त्याहून कारखानदाराचं, बँकरचं. पदवीधरांनाही जादा मतं. 'बँकर' वाचल्यावर मी खुर्चीत ताठ बसलो. बँकर म्हणजे बँकेचा मालक, काउंटरवरचा बाबू नव्हे, हे प्राध्यापकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आनंदावर विरजण कसं घालावं हे निवृत्त माणसांकडूनच शिकावं. मतदाराची परीक्षाही मिलनं सुचवली होती. नोंदणी अधिकाऱ्यासमोर पुस्तकातलं एक वाक्य उतरवून दाखवायचं आणि त्रैराशिकाचं एक गणित सोडवायचं. हे त्रैराशिक लक्षात ठेवा, ते पुढं येणार आहे.

मिलची नियत वाईट नव्हती बरं. संख्येच्या जोरावर कुणी कुणाला चिरडू नये, ही त्याची काळजी. शिकलेल्यांनीही जादा मतांच्या जोरावर बाकीच्यांना चिरडू नये, अशी मर्यादा त्यानं घातली होती. १८६७ साली पार्लमेंटात बायकांच्या मताधिकाराची सूचना मांडणारा तोच. ती पडली, पण मांडायला छाती लागते.

मात्र वाचता वाचता मी अडखळलो. आपल्यासारख्या देशाला प्रातिनिधिक राज्य अजून पेलायचं नाही, असंही या भल्या माणसाचं मत होतं. म्हणजे त्याच्या हिशेबात लंडनच्या पदवीधराला जादा मतं आणि आमच्या वऱ्हाडाला शून्य!

आणि वऱ्हाडाचं खातं तेव्हा कसं चाललं होतं, ते बँकेच्या भाषेत सांगतो. निजामाकडं फौजेच्या पगाराचं देणं थकलं, म्हणून १८५३ साली त्यानं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं. कर्ज थकलं, तारण सावकाराकडं. १९०२ साली तेच वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं देऊन टाकलं. दोन्ही वेळा कागदावर मोठमोठ्या शिकलेल्या माणसांच्या सह्या झाल्या. तारणात असलेल्या माणसांना कुणी विचारलं नाही. आणि १८५३ साली लंडनच्या कचेरीत, संस्थानांचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या टेबलाशी कोण बसलं होतं? आमचा मिलच!

मी पुस्तक मिटलं. माणसं एकदा तोलायची ठरली, की तराजू ज्याच्या हातात त्याचं पारडं कधी हलकं भरत नाही. तोलणारे आपण असू, असं धरूनच मी इतके दिवस चाललो होतो. आपण तोलले जाणाऱ्यांतही असू शकतो, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत.

आपल्याकडंही इंग्रजांनी असंच तोलून मत दिलं होतं. १९३५च्या कायद्याखाली मत मिळे ते जमीनमहसूल, कर, घरभाडं किंवा शिक्षण बघून. याला सडेतोड उत्तर कुणी दिलं असेल, तर डॉ. आंबेडकरांनी. १९२९च्या आपल्या अहवालात त्यांनी सांगितलं, की निरक्षर माणूस निर्बुद्धच असतो हे एक चुकीचं गृहीत, आणि साक्षर झाला की शहाणा होतो हे दुसरं. शिवाय, आधी माणसाला शिकू द्यायचं नाही आणि मग तो शिकलेला नाही म्हणून मत द्यायचं नाही, ही तर जखमेवर मीठ चोळण्याची रीत झाली. ज्या माणसाकडं कोलंबियाच्या आणि लंडनच्या पदव्यांची रास होती, तो सगळ्यांना सारखं मत मागत होता. आणि ज्याच्याकडं एकच बी.कॉम., तो टपरीवर बसून स्वतःसाठी दोन मागत होता.

पुढं घटना समितीनं एका फटक्यात प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिलं. त्या समितीत आमच्या अमरावती जिल्ह्यातले पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. पंजाबराव ऑक्सफर्डचे डॉक्टर. १९५१च्या शिरगणतीत देशात शंभरातले अठराच लोक साक्षर होते, हे डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे या माणसांनी केवढी उडी घेतली ते कळेल.

"पण लोक मेंढरासारखं मत देतात त्याचं काय?" मी प्राध्यापकांना शेवटचा खडा मारून पाहिला.

त्यांनी बोटं मोजली. "आपली अमरावती घ्या. लोकसभेला १९८९ साली कम्युनिस्ट निवडून दिला, १९९१ला काँग्रेस, १९९६ला शिवसेना, १९९८ला रिपब्लिकन. नऊ वर्षांत चार निवडणुका, चार पक्ष. अशी मेंढरं कुठल्या धनगरानं पाहिली असतील तर मला दाखवा."

मी चहाचे पैसे दिले. पण पुस्तकानं आणि प्राध्यापकांनी माझं तोंड बंद केलं, मन नव्हे. मनाचं काम एका म्हातारीनं केलं.

अमरावतीला बदली होण्याआधी मी दर्यापूर तालुक्यातल्या एका शाखेत होतो. तिथं एक म्हातारी पीककर्जाचं व्याज विचारायला आली. चाळीस हजारांचं कर्ज, सात टक्के. मी मान वर न करता सांगितलं, "अठ्ठावीसशे."

"कसे बाप्पा?" ती म्हणाली. "शंभराले सात, हजाराले सत्तर, चाळीस हजाराले अठ्ठावीसशे. थे झाले सालाचे. म्या तं नऊच महिने ठेवले. एकवीसशे झाले ना."

एकवीसशेच होत होते. मिलचं त्रैराशिक ती उभ्या उभ्या, तोंडी सोडवून मोकळी झाली होती. मी मात्र त्याचा रागच धरला असावा. कारण नंतर पैसे काढताना मशीन तिचा अंगठा ओळखेना, तेव्हा मी तिला "हात धुऊन या" म्हणून पाठवलं. दोनदा पाठवलं, आणि शेवटी "उद्या या" म्हटलं. उभा जन्म निंदण-वेचणीत गेलेल्या त्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. त्या कितीही धुतल्या तरी कुठून येणार?

१८ एप्रिल २०१९. लोकसभेचं मतदान. ड्यूटी नेमकी त्याच भागात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. ऊन असं, की अकोल्याच्या माणसालाही अकोला आठवावं. माझ्याकडं नोंदवहीत सही घ्यायचं आणि बोटाला शाई लावायचं काम. अकराच्या सुमाराला तीच म्हातारी समोर उभी राहिली. तिनं मला ओळखलं.

"भाऊ, तुमी ब्यांकेतले ना?"

"हो, माय."

"मंग इथं अंगठा चालते का माहा? का हात धुऊन येऊ?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. खरोखर विचारत होती बिचारी. आणि धुवायला निघालीही असती.

"चालते, माय," मी म्हणालो. "इथं ओळखावा लागत नाही. यादीत नाव आहे, तेवढं पुरे."

तिनं अंगठा उमटवला. नुसता निळा ठिपका. रेषा नाही, काही नाही. त्याच पानावर वर गावच्या मास्तरांची झोकदार सही होती. आत जाऊन तिनं बराच वेळ लावला. एजंट चुळबुळू लागले, पण आत जाऊन तिला घाई करायची कुणाची टाप नव्हती. बाहेर आली आणि मला म्हणाली, "तुमच्या ब्यांकेपेक्षा इथं बरं हाय, भाऊ. कोणी हाकलत नाई."

मतात समता आणि बाकी जगण्यात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत दिला होता. मी तो वाचला होता. पण त्या विसंगतीच्या दोन्ही टेबलांवर आपणच बसलेलो असतो, हे त्या दिवशी कळलं. चप्पल शिवायला मोची लागतो, मान्य. पण ती कुठं चावते हे सांगायला पदवी लागत नाही. मत म्हणजे शहाणपणाचं बक्षीस नव्हे. अख्ख्या देशात माणसाला न तोलणारा तेवढा एकच काउंटर आहे, आणि तोही पाच वर्षांतून एक दिवस उघडतो.

आता माझ्या दुसऱ्या मताचं काय झालं, ते सांगून संपवतो. पदवीधरांच्या जागेनं काही चांगलं केलंच नाही, असं नाही. प्रा. बी. टी. देशमुखांसारखा माणूस या मतदारसंघानं २०१०पर्यंत वर्षानुवर्षं परिषदेत पाठवला, आणि विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे त्यांनी सरकारला पाठ करायला लावले. पण ३० जानेवारी २०२३ची निवडणूक घ्या. मतदार सगळे पदवीधर. मतदानाला आले निम्मे. काम एवढंच, की तिथं ठेवलेल्या जांभळ्या पेननं उमेदवारांच्या नावांपुढं पसंतीचे आकडे लिहायचे. एक, दोन, तीन. बालवाडीतलं पोर लिहील. मोजणी दिवस उलटला तरी संपेना. आठ हजारांहून जास्त मतं बाद निघाली. आणि हार-जितीतलं अंतर होतं साडेतीन हजारांच्या आत! शिकल्या-सवरलेल्यांनी बरोबरच्या खुणा केल्या, अक्षरी लिहिलं, काहींनी म्हणे सह्या ठोकल्या.

पेपरातली ही बातमी मी हिला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. "सह्या ठोकल्या" हे वाचलं आणि माझा आवाज बसला.

वीस वर्षांच्या नोकरीत आकडा लिहिला आणि त्याखाली मी बारीक सही केली नाही, असं कधी घडलेलं नाही. हाताला वळणच पडलंय. त्या दिवशी जांभळ्या पेननं मी एक लिहिला, दोन लिहिला, आणि मग?

"काय झालं?" हिनं विचारलं.

मी सांगितलं. ती हसली नाही. तिनं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "चला, बरोबर झालं. तुमचंही एक, माझंही एक. आता उठा अन् सिलिंडरचा नंबर लावा."