मांजराचा हिशेब

कवितेच्या बैठकीतून रात्री उशिरा एक भिक्षू एकटाच घरी निघाला होता. बक्षीस मिळालेला पंखा आणि एक लहानशी पेटी त्याने अंगरख्यात खोचलेली. घराजवळच्या ओढ्यापाशी अंधारातून काहीतरी आलं आणि थेट त्याच्या गळ्याशी झेपावलं. ‘नेकोमाता! नेकोमाता!’ असं ओरडत भिक्षू पाण्यात कोसळला. शेजारी मशाली घेऊन धावले. पंखा भिजला, पेटी भिजली. झेप घेणारा निघाला त्याचाच कुत्रा! अंधारातही धन्याला ओळखून बिचारा लाडाने अंगावर आला होता.

ही फजिती योशिदा केन्को या जपानी लेखकाने १३३०च्या सुमारास लिहून ठेवली. भिक्षूच्या डोक्यात ही भीती कुठून शिरली, तेही केन्को सांगतो. डोंगरात नेकोमाता नावाचं माणसं खाणारं जनावर आहे, असं कोणीतरी म्हणालं. त्यावर दुसरा म्हणाला, डोंगर कशाला, इथलीच मांजरं म्हातारी झाली की नेकोमाता होतात. जपानी मांजर-कल्पनेचा सगळा प्रवास या दोन वाक्यांमधल्या अंतरात आहे, असं मला वाटतं.

पहिलं वाक्य जुनं. नारा इथे नेकोमाताने एका रात्रीत अनेक माणसं खाल्ल्याची वार्ता फुजिवारा नो तेइका या कवीने १२३३मध्ये रोजनिशीत टिपली आहे. डोळे मांजरासारखे, अंग मोठ्या कुत्र्याएवढं. ही भीती वाघाच्या भीतीसारखी सरळ होती. दार लावलं की संपली. घरातलं मांजर तेव्हा वेगळ्याच थाटात राहत होतं. सम्राट उदा ८८९मध्ये आपल्या काळ्या मांजराचं कौतुक रोजनिशीत लिहितो. पुढे सम्राट इचिजोच्या मांजरीला तर दरबारी हुद्दाच मिळाला. अशी दुर्मीळ मांजरं दोरीने बांधून ठेवत. १६०२मध्ये क्योतोत हुकूम निघाला, की उंदीर मारायला मांजरं मोकळी सोडा.

मांजर मोकळं झालं आणि भीतीने घर बदललं. गरिबाघरच्या कागदी दिव्यात माशाचं स्वस्त तेल जळायचं. वासाने मांजर मागच्या पायांवर उभं राहून ते चाटायचं आणि सावली कागदी दारावर माणसाएवढी पडायची. तोरियामा सेकिएनने १७७६च्या आपल्या चित्रग्रंथात नेकोमाता काढला, तो दोन पायांवर उभा आणि डोक्यावर पंचा घेतलेला! लांब शेपटीचं मांजर म्हातारपणी शेपटी दुभंगून नेकोमाता होईल म्हणून लोक आखूड शेपटीचं पसंत करत.

आता भीती दातांची उरली नव्हती. आपलं सगळं पाहणारा, ऐकणारा, पण काहीच न बोलणारा प्राणी घरात वावरतोय, याची ती भीती होती. सागा संस्थानातल्या नाबेशिमा घराण्याची कथा इथूनच जन्मते. सरदाराने एका बाईच्या मुलाला मारलं. दाद मागायला जागा नसलेल्या त्या आईने आपलं दुःख मांजरापाशी बोलून दाखवलं आणि जीव दिला. तिचं रक्त चाटून मांजर ‘बाकेनेको’, म्हणजे रूप पालटणारं मांजर, झालं आणि सूड घ्यायला वाड्यात शिरलं. १८५३मध्ये यावर काबुकी नाटक येणार होतं. सागा संस्थानाने तक्रार केली आणि ते थांबलं. मांजराचा धाक असा खुद्द सत्तेला बसला.

गंमत अशी, की जेमतेम वर्षभर आधी, १८५२मध्ये, हिरोशिगेच्या एका चित्रात बाजारातलं दुकान दिसतं आणि तिथे विकायला आहेत पंजा उचललेली मातीची मांजरं. हीच ती मानेकी-नेको, बरकत बोलावणारी. तोक्योच्या गोतोकुजी मंदिराची आख्यायिकाही याच वळणाची. गरीब पुजाऱ्याने प्रेमाने सांभाळलेल्या मांजराने पंजा हलवून सरदार ई नाओताकाला आत बोलावलं. तो वादळातून वाचला आणि मंदिराचं दैन्य फिटलं.

एकाच काळात मांजर सूडही घेत होतं आणि गिऱ्हाईकही आणत होतं. मला यात विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे मांजर एकच काम करतं: घरात खाल्लेल्या घासाचा आणि पाहिलेल्या अन्यायाचा हिशेब चुकता करतं. वाकायामा प्रांतातल्या किशी स्थानकावर २००७मध्ये तामा नावाची मांजरी स्टेशनमास्तर झाली. तिच्यामुळे तोट्यातल्या रेल्वेला प्रवासी मिळाले. २०१५मध्ये ती गेली, तेव्हा तिला देवी मानून छोटं देऊळ बांधलं. या वेळी हिशेब माणसांनी चुकता केला.

मानेकी-नेकोचा तळवा खाली वळलेला असतो. आपणही कुणाला ‘इकडे ये’ म्हणताना हात असाच हलवतो. त्या हाकेमागे बरकत आहे की सूड, हे मात्र तिच्या वाटीत आपण काय वाढलं यावर ठरतं.