दोन पानांत बसवलेला इतिहास

सप्टेंबरचा पहिला आठवडा संपत आला की मराठवाड्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मागणी सुरू होते. 'मुक्तिसंग्राम दिनाची माहिती असेल तर टाका. दोन पानांच्या आत.' कोणीतरी पीडीएफ टाकतं. बीडच्या ग्रुपवरून ती लातूरला जाते, लातूरहून नांदेडला. १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की गावोगावच्या शाळांत जवळजवळ तीच वाक्यं, त्याच क्रमानं ऐकू येतात. ती दोन पानं लिहिली कोणी, हे मात्र कुणालाच माहीत नसतं.

मी अशी पानं बनवतो. पोटापाण्यासाठी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. गाव परळी वैजनाथ. माझी मावशी तिकडेच एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गेली काही वर्षं शनिवार-रविवारी आम्ही दोघं फोनवर बसून तिच्या धड्यांची टिपणं, नकाशे, प्रश्न तयार करतो आणि ज्याला हवं त्याला देतो. पैसे घेत नाही. हे काम चांगलं आहे, अशी माझी खातरी होती आणि आजही आहे. पण चांगलं काम करताना आपण नेमकं काय करतोय, हा प्रश्न मला १७ सप्टेंबरच्या पानानं विचारायला लावला.

आधी शिक्षकांबद्दल. 'तयार नोट्स वापरणारे शिक्षक आळशी' असं म्हणणाऱ्यांनी एकदा शाळेत आठवडाभर बसून पाहावं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की शिक्षकांना शिक्षणाव्यतिरिक्त कामं देऊ नयेत. अपवाद तीन: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. या तीन अपवादांत किती मतदार याद्या आणि किती घरोघरच्या फेऱ्या मावतात, हे शिक्षकांच्या घरच्यांना विचारा. त्यात ऑनलाइन माहिती भरणं आलं, पोषण आहाराचा हिशेब आला, शिष्यवृत्तीचे अर्ज आले. इतिहासाचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा आणि त्याची तयारी करायला रात्री साडेदहानंतरचा वेळ. मावशीची तुलना सवडीनं चार ग्रंथ चाळणाऱ्या एखाद्या आदर्श शिक्षिकेशी करण्यात अर्थ नाही. तिच्यापुढे खरे पर्याय तीनच असतात: गाइड, कुठून तरी आलेली पीडीएफ किंवा पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचून घेणं.

म्हणून मदत हवी, यात वाद नाही. वाद पुढे सुरू होतो.

आमच्या धंद्यात 'डीफॉल्ट' नावाची एक गोष्ट असते. ॲप उघडल्यावर जे आधीच निवडलेलं दिसतं, ते. बहुतेक लोक ते कधीच बदलत नाहीत. बदलायची सोय असते, फक्त वेळ नसतो. त्यामुळे डीफॉल्ट ठरवणारा माणूस कुणावर सक्ती न करताही पुष्कळांच्या वतीनं निर्णय घेत असतो. शिक्षकांना पाठवलेला तयार धडा हा असाच डीफॉल्ट आहे. 'पटलं नाही तर बदला' असं मी वर लिहिलं तरी रात्री साडेदहाला तो कोणी बदलणार नाही, हे मला पाठवतानाच माहीत असतं. मग 'मी फक्त मदत केली' एवढं म्हणून मला सुटता येईल का?

१७ सप्टेंबरचंच घेऊ. शीर्षकापासूनच निर्णय सुरू होतो. आपल्याकडे 'मराठवाडा मुक्तिसंग्राम'. सरकारी भाषेत तेव्हा 'पोलिस ॲक्शन', जरी १३ सप्टेंबर १९४८ला सरहद्द ओलांडली ती सैन्यानं. शेजारच्या तेलंगणात 'मुक्ती' म्हणायचं की 'एकात्मता', यावर अजून राजकारण चालतं. आठवीच्या पुस्तकात हा सगळा विषय स्वातंत्र्यलढ्याच्या शेवटच्या टप्प्याचा भाग म्हणून काही परिच्छेदांत येतो. मुलांच्या कानांवर मात्र तो वेगळ्याच वाटांनी पडत असतो. निजामकालीन नोंदी आणि हैदराबाद गॅझेट हे शब्द आरक्षणाच्या वादामुळे गेल्या काही वर्षांत घरोघरी पोचले. परळीचं रेल्वे स्टेशनसुद्धा निजामाच्या रेल्वेनं आणलेलं.

दोन पानांत काय घ्यायचं? स्वामी रामानंद तीर्थ हवेतच. ते मुळात शिक्षक. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग आपल्या शेजारच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. १९३८चा स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह हवा. त्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलेले विद्यार्थी हवेत. कासिम रझवी आणि त्याचे रझाकार, त्यांनी केलेली लूट, जाळपोळ, खून, गाव सोडून सरहद्दीपलीकडे पळालेली माणसं, हे सगळं हवं. त्यात पाणी घालायचं कारण नाही. ज्यांच्या घरांनी ते सोसलं त्यांची नातवंडं-पतवंडं त्याच वर्गात बसलेली असतात.

इथपर्यंत लिहिलं की पान भरतं. नेहमीच्या पीडीएफ इथेच थांबतात: १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, तिरंगा फडकला.

पण गोष्ट १७ सप्टेंबरला थांबली नव्हती. त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानातल्या मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्र सरकारनं पाठवलेली पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती १९४८च्या अखेरीस गावोगाव फिरली. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर सबंध संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. त्याखालच्या यादीत बीडचं नाव आहे. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. त्यातल्या आकड्यांवर अभ्यासकांत मतभेद आहेत. जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्या नोंदीही त्यातच आहेत.

हे पानात घ्यायचं की नाही?

'घेऊ नये' म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. दोन पानांत सगळं बसत नाही, काहीतरी वगळावंच लागतं. पेशव्यांच्या धड्यात प्रत्येक मोहीम कुठे असते? वगळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. शिवाय हा दिवस उत्सवाचा आहे, परीक्षेत हे येत नाही आणि पंधरा वर्षांच्या मुलांना आकडे ऐकवून नेमकं काय साधणार?

मला यातलं पहिलं वाक्य पूर्ण पटतं. सगळं बसत नाही, हे खरंच. पण वगळण्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात तपशील जातो, गोष्ट तीच राहते. दुसऱ्यात तपशील जातो आणि गोष्टच बदलते. पालखेडची मोहीम गाळली तर मुलाला बाजीराव कमी कळेल, उलटा कळणार नाही. १७ सप्टेंबरनंतरचं गाळलं तर मात्र मुस्लिम हा शब्द त्या पानावर फक्त रझाकारांच्या वाक्यांत उरतो. मग मधल्या सुट्टीत तिसऱ्या बाकावरच्या पोराला कोणीतरी 'ए रझाकार' म्हणून हाक मारतं. पानातलं एकही वाक्य खोटं नसतं आणि तरी पोरांनी शिकलेली गोष्ट खोटी असते.

यावर एक नेहमीचं उत्तर असतं: 'कागदावर थोडंच लिहा, बाकीचं शिक्षक तोंडी समजावतील.' बीड जिल्ह्यात हे उत्तर चालत नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि त्यांच्यासोबत काही मुलंही जातात. वर्गातली हजेरी घटते. जी मुलं अभ्यास सोडत नाहीत त्यांच्यासोबत कोप्यांवर काय जातं? घरातल्या एकुलत्या फोनमधली हीच दोन पानं. तिथे तोंडी समजावणारं कोणी नसतं. म्हणजे जे सांगायचं ते कागदालाच सांगता आलं पाहिजे.

तर मी तो परिच्छेद लिहिला आणि मावशीला पाठवला. तिचा फोन आला. ती म्हणाली, "लिहिलंस ते खरं आहे. पण तू पुण्यात बसून लिहून मोकळा. उद्या कुणाचा बाप शाळेत आला तर त्याच्यासमोर मीच उभी असणार."

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला नैतिक पेच या वाक्यात आहे. धाडस माझं आणि किंमत तिची. शाळा, संस्थाचालक, गावातलं राजकारण, व्हॉट्सॲपवर फिरणारा अर्धवट फोटो, यांतलं काहीच माझ्या वाट्याला येत नाही. दुसऱ्याच्या जोखमीवर खरं बोलणं हा काही शूरपणा नाही. पण तिच्या जोखमीचं कारण सांगून मी तो परिच्छेद गुपचूप वगळला असता, तर तोही तिच्या वतीनं घेतलेला निर्णयच झाला असता आणि तो तिला कळलाही नसता. काय गाळलंय हे न सांगता केलेली मदत मला जास्त वाईट वाटते, कारण घेणाऱ्याला नाही म्हणायची संधीच मिळत नाही.

मार्ग मावशीनंच काढला आणि तो माझ्या मार्गापेक्षा शहाणा होता. तिनं एक ओळ खोडली नाही, क्रम बदलला. सुरुवातीला शोएब उल्ला खान आणला. 'इमरोज'चा हा तरुण संपादक भारतात विलीन व्हावं असं लिहीत होता, म्हणून रझाकारांनी ऑगस्ट १९४८मध्ये त्याचा हैदराबादेत खून केला. "हे आधी वाचलं की पोरांना पुढची भांडणं धर्माच्या सरळ रेषेवर मांडता येत नाहीत," असं ती म्हणाली. त्यानंतर रझाकारांचे अत्याचार, कसलीही काटछाट न करता. त्यानंतर सुंदरलाल समिती, आकड्यांवर मतभेद आहेत हे सांगून. आणि शेवटी घरी न्यायचा एक प्रश्न: 'त्या वर्षी आपल्या गावात कोणी कोणाला घरात लपवलं होतं का? घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा.' १९४८मध्ये दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. हा प्रश्न विचारायला आता फार वर्षं उरलेली नाहीत.

मला डीफॉल्ट कसा असावा ते या प्रश्नामुळे कळलं. ज्या कामाला वेळ जातो पण विवेक लागत नाही ते सगळं आम्ही करून द्यावं: तारखा तपासणं, नकाशा काढणं, उतारे शोधणं, छापल्यावर अक्षर वाचता येईल असं पान लावणं. जे काम त्या वर्गाला ओळखल्याशिवाय करता येत नाही, ते मोकळं सोडावं. प्रत्येक पानावर 'आपल्या गावात' म्हणून एक रिकामी चौकट आम्ही ठेवतो. काही शिक्षक ती रिकामीच ठेवतात. ठेवू देत. निदान काहीतरी भरायचं राहिलं आहे, हे मुलांना दिसतं.

मग वाटपाचा प्रश्न. नेहमीच्या पीडीएफवर नाव नसतं, तारीख नसते, आधार नसतो. पाठ्यपुस्तकाबद्दल कितीही तक्रारी असोत, त्याच्या सुरुवातीच्या पानांवर समितीची नावं छापलेली असतात. चूक सापडली तर कोणाला पत्र लिहायचं ते कळतं. निनावी पान चुकलं तर कोणीच जबाबदार नसतं. म्हणून आमच्या पानावर खाली तीन ओळी असतात: कोणी केलं, कधी दुरुस्त केलं, कशाच्या आधारानं लिहिलं. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चे बावीस खंड काढले. त्यांच्या प्रस्तावना ठाम मतांनी भरलेल्या आहेत, पण प्रस्तावनेमागे मूळ पत्रं छापलेली आहेत. पुढच्या अभ्यासकांना तीच पत्रं घेऊन राजवाड्यांशी भांडता आलं. मत असायला हरकत नाही. त्या मताशी भांडायची साधनं सोबत दिली पाहिजेत.

आम्ही पीडीएफसोबत बदलता येणारी फाइलही देतो. याचा तोटा आम्ही पाहिलाय. एकदा आमचंच पान फिरून परत आलं. शेवटचे दोन परिच्छेद गायब, आधार गायब, वर कुठल्याशा क्लासचा लोगो. मावशी चिडली. माझ्या एका मित्रानं सुचवलं, फाइल लॉक कर. तांत्रिकदृष्ट्या ते दोन मिनिटांचं काम आहे. पण लॉक केलेलं पान बदलू न शकणारी शिक्षिका पोस्टमन होते, आणि मला तिला पोस्टमन करायचं नाही. जिला आपल्या वर्गासाठी एक वाक्य जोडायचं आहे तिच्यासाठी दार उघडं ठेवलं, तर कापणाराही त्याच दारानं येणार. हे मान्य करून आम्ही दार उघडं ठेवतो. फक्त प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरात लिहितो, 'हे पान चार भागांचं आहे.' तीनच दिसले तर चौथा कुठे गेला, असं एखादं चौकस पोर विचारील.

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहास कसा लिहितात यानं होते. त्यात रांके येतो, मार्क्स येतो, फुको येतो. मुलं ही नावं पाठ करतात आणि जोड्या लावतात. इतिहास कोणीतरी लिहितं, कोणीतरी काहीतरी ठेवतं आणि कोणीतरी काहीतरी गाळतं, हे त्या धड्याचं सार त्यांना कळावं असं वाटत असेल, तर त्यांच्या हातात पडणारं साधं झेरॉक्सचं पानसुद्धा त्या साराशी इमान राखून केलेलं असायला हवं.

एका गोष्टीचं उत्तर आमच्याकडे नाही. आम्ही मावशीसारख्या शिक्षकांचे रात्रीचे दोन तास वाचवतो. ते दोन तास इतिहासाकडे परत येतात की आणखी एखाद्या ऑनलाइन तक्त्यात जातात, हे आमच्या हातात नाही. शिक्षकाला वेळ मिळतो तो फाइल पाठवल्यानं नव्हे, काम कमी केल्यानं, आणि ते काम कमी करण्याचा अधिकार शाळेबाहेर बसलेल्या लोकांकडे आहे. आमची दोन पानं त्यांच्यासाठी सबब होऊ नयेत. 'सगळं तयार मिळतंय की, मग वेळ कशाला हवा?' असं कोणी म्हणू लागलं, तर त्याला आमच्या पानावरची रिकामी चौकट दाखवावी आणि ती भरायला किती वेळ लागतो ते विचारावं.