शितावरून भाताची परीक्षा

जे पाहिलेच नाही, त्याविषयी साक्ष देण्याचा अधिकार माणसाला आहे काय? न्यायालयात या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थीच मिळेल. स्वयंपाकघरात मात्र ते वेगळे असते. गृहिणी शितावरून भाताची परीक्षा करते आणि तिचे अनुमान सहसा चुकत नाही. हाच जुना प्रश्न आज रुग्णालयातील एका यंत्राने नव्या रूपात आपल्यापुढे ठेवला आहे.

ते यंत्र म्हणजे एमआरआय. चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा घडविण्याची रीत पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडली. त्याबद्दल त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र छायाचित्र काढीत नाही. शरीरातील पाणी व चरबी यांतील हायड्रोजनकडून येणारे संकेत ते ओळीओळीने गोळा करते आणि गणिताने त्यांची प्रतिमा होते. प्रत्येक ओळीला वेळ लागतो. गुडघा निश्चल राहू शकतो; हृदय थांबत नाही. म्हणून रुग्णाला श्वास रोखावयास सांगतात आणि अनेक ठोक्यांमधून मिळालेले तुकडे जोडून एका ठोक्याचे चित्र तयार करतात. परंतु ज्याला मुळातच धाप लागते, त्याने श्वास कसा रोखावा? दोन वर्षांच्या बालकाला स्वस्थ पडून राहण्यास कसे समजवावे? त्याला बहुधा गुंगीचे औषध द्यावे लागते आणि त्यातही जोखीम असतेच.

यावर एक उपाय असा: मोजमापच कमी करावे. पण सरसकट गाळलेल्या ओळींमुळे चित्रावर चित्राची सावली पडते. २००६ साली कँडेस, रॉम्बर्ग व ताओ यांनी, तसेच स्वतंत्रपणे डोनोहो यांनी दाखवून दिले, की चित्रातील खरा मजकूर थोडाच असेल, तर थोड्या मोजमापांतूनही ते पुन्हा उभे करता येते. २००७ साली लस्टिग, डोनोहो व पॉली यांनी ही कल्पना एमआरआयला लावली. हलत्या चित्रात तर पुनरुक्ती फारच असते. एका क्षणातून दुसऱ्या क्षणात जाताना पाठीचा कणा तसाच राहतो, बदलते ते हृदय.

या रीतीला तीन बंधने आहेत. मोजमापे विखुरलेली असावीत, म्हणजे गाळलेल्या भागामुळे येणारा दोष खोट्या आकृतीचे रूप न घेता बारीक वाळूसारखा पसरतो. चित्र खरोखरच थोडक्यात सांगता येण्याजोगे असावे. आणि तयार झालेले चित्र प्रत्यक्ष मोजलेल्या संकेतांशी जुळावे. हे तिसरे बंधन आम्हांस नैतिक स्वरूपाचेही वाटते. अनुमानाने रिकामी जागा भरावी, पण साक्षीत मिळालेला शब्द बदलू नये.

पुढे संगणकाला पूर्वीच्या असंख्य चित्रांवरून शिकविण्यात येऊ लागले. न्यूयॉर्क विद्यापीठ व फेसबुकच्या संशोधकांनी २०१८ साली असा मोठा उपक्रम आरंभिला. पण २०२० साली अंटुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक पद्धती तपासल्या, तेव्हा काही पद्धतींत अर्बुदासारखा लहानसा बदल पुसला जाऊ शकतो, असे आढळले. यातील धोका ध्यानी घेण्यासारखा आहे. अस्पष्ट चित्र आपले अज्ञान स्वतःच कबूल करते. स्वच्छ चित्र तसे करीत नाही. शितावरून भात शिजला हे कळते. भातात खडा नाही, हे कळत नाही. आणि रुग्ण तपासणीला येतो तो त्या खड्यासाठीच.

मग अनुमान हे पाप मानावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पूर्ण मोजमापाचा आग्रह धरला, तर धाप लागलेल्या रुग्णाचे चित्र अनेकदा नीट मिळत नाही आणि बालकाला गुंगीचा धोका सोसावा लागतो. अनुमान नाकारण्याचीही किंमत असते आणि ती दुर्बलांनाच मोजावी लागते. प्रश्न आहे तो अनुमानाने आपली मर्यादा ओळखण्याचा. त्याने मोजलेल्याशी इमान राखावे, आपला संशय लपवू नये आणि फेरतपासणीची वाट बंद करू नये.

माणसांविषयीही आपण असेच करतो. एखाद्याशी दोनदा बोलणे होते. उरलेला माणूस आपण त्याच्या घराण्यावरून, गावावरून आणि ऐकीव गोष्टींवरून भरून काढतो. त्यावाचून व्यवहार चालत नाही, हे खरे. पण अनेकांवरून बांधलेला साचा एकाला लावताना, त्या एकाचे वेगळेपण आपण पुसत तर नाही ना? ज्या डॉक्टरला स्वच्छ चित्र हाती असूनही रुग्णाची तक्रार त्याच्याशी जुळत नाही असे दिसते आणि जो म्हणतो, 'एवढा भाग पुन्हा नीट पाहू', तो यंत्राचा अनादर करीत नाही. न पाहिलेल्याविषयी जितके बोलता येते तितकेच तो बोलतो आणि जेथे पाहणे शक्य आहे, तेथे पाहण्याचे कष्ट घेतो.